तुंगार्लीच्या प्रत्येक फाटकाशी

डॉ. हमीदा आत्तार यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. भांडलो अर्थात मीच. दुसऱ्या दिवशी आमच्या बंगला कामगार संघटनेची सभा होती आणि माझा आवाज पार बसला होता. लोणावळ्याच्या बाजारातल्या त्यांच्या दवाखान्यात शिरलो आणि त्या बसलेल्या आवाजातच फर्मावलं, "एखादी जबरदस्त अँटिबायोटिक द्या, डॉक्टर."

त्यांनी घसा तपासला, ताप पाहिला, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "घसा जंतूंनी नाही बसवला. तुम्हीच ओरडून बसवलाय. कोमट पाणी प्या आणि गप्प बसा."

"उद्या सभा आहे माझी!"

"मग दुसऱ्या कुणाला तरी बोलू द्या. संघटनेत माणसं आहेत ना, की तुम्ही एकटेच?"

त्या सभेत आमच्या एक स्वयंपाकीणबाई बोलल्या, आणि फार चांगलं बोलल्या.

आमच्या या डॉक्टर मॅडमच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या एका आग्रहाबद्दल लिहिणार आहे. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागणारा रोगी, तो नाराज होऊ नये म्हणून ती लिहून देणारा डॉक्टर, बरं वाटताच स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवणारे सुशिक्षित, उरलेली पट्टी शेजारी देणारे प्रेमळ लोक, असे आपण सगळे मिळून जंतूंना औषध पचवायची तालीम देत असतो! उद्या एखाद्या तापाने फणफणलेल्या बाळाला तेच औषध लागू पडलं नाही, तर त्या आईला काय उत्तर देणार आहोत आपण? मी हे व्यासपीठावरून, मूठ आपटून विचारतो. मॅडम खुर्ची जवळ ओढून विचारतात. त्यांचंच जास्त ऐकलं जातं.

पण हा आग्रह धरताना माणूस दुखावू नये, ही त्यांची खरी थोरवी. ती मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

लोणावळ्याच्या तुंगार्ली भागातल्या अनेक बंगल्यांचे मालक शनिवार-रविवारी येतात. परतताना फ्रिजमधलं उरलेलं सगळं बंगला सांभाळणाऱ्या कुटुंबाला देऊन जातात. अशाच एका बंगल्याच्या मागच्या खोलीत संगीता आणि तिचा नवरा राहत. एका दुपारी तो धावत माझ्याकडे आला. संगीताचं तोंड सुजलं होतं, अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास घेता येत नव्हता. मी तिला गाडीत घालून मॅडमकडे नेलं. त्यांनी पाहताक्षणी मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि रुग्णवाहिका बोलावली. थोड्या वेळाने तिला बोलता येऊ लागलं.

"काय घेतलं होतंस, बाळ?"

"काय न्हाई. पेरू खाल्ला."

"अगं, पेरूनं काय व्हतंय!" नवरा म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीकडे बघू लागला.

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "औषध कुणाचं, कुठून आणलं, मला नको. फक्त नाव हवं. मोठ्या दवाखान्यात तुला परत तेच दिलं गेलं, तर जिवावर बेतेल."

संगीता रडायला लागली. "दाढ लय ठनकत व्हती. सायबांची राह्यलेली पट्टी फळीवर व्हती. बाई म्हनत्यात, उरलेलं घेत जा. मी खायाचं घेते तसं त्ये बी घेतलं. पर औशीद घे, असं न्हाई ओ म्हनल्या. चोरी म्हनतील, मॅडम. खोली जाईल आमची."

नवऱ्याने पळत जाऊन पट्टी आणली. पेनिसिलिनच्या जातीतलं अँटिबायोटिक होतं, आणि तिला त्याचीच ॲलर्जी होती. मॅडमनी ते नाव रुग्णालयात कळवलं आणि संगीताकडूनही पाठ करून घेतलं. दाढेसाठी त्या गोळ्यांची गरजच होती की नव्हती, हेही कुणी तपासलेलं नव्हतं.

संगीता बरी झाली. पुढच्या शनिवारी मी मालकांवर तुटून पडायला निघालो. मॅडमनी मला बरोबर घेतलं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. त्यांनी मालकांना शांतपणे सांगितलं, "उरलेलं जेवण देता, चांगलं करता. उरलेल्या गोळ्या मात्र घरात उघड्या ठेवू नका. मुळात डॉक्टरांनी दिल्या तेवढ्या घेतल्या, तर सहसा उरत नाहीत."

मालकांच्या कपाळाला आठी पडली. "आमच्या घरातून औषध गेलंय का? आमची बाई काही बोलली?"

"मी तुंगार्लीतल्या प्रत्येक बंगल्यात जातेय," मॅडम म्हणाल्या. "सुरुवात तुमच्यापासून."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "छान निभावलंत. चला, चहा घेऊ."

"चहा कसला? पुढचं फाटक कुठलंय?"

"मॅडम, खरंच सगळीकडे जाणार?"

"एकाच घरी गेले, तर सगळी बोटं संगीताकडे वळतील. चला."

गुडघे दुखत असतानाही त्या दर शनिवारी चढ चढत राहिल्या. एकाने आतूनच विचारलं, "काय विकताय?" मॅडम म्हणाल्या, "काही नाही. उरलेल्या गोळ्या फुकट वाटू नका, एवढंच सांगायला आलेय." शेवटचं फाटक होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. संगीताची खोली राहिली.

नंतर तिच्या नवऱ्याला उर्से टोलनाक्यावर काम मिळालं आणि ते आपल्या मर्जीने तिकडे गेले. संगीता हे तिचं खरं नाव नाही. हा प्रसंग लिहू का, असं विचारायला मी गेलो, तेव्हा ती म्हणाली, "लिवा की. पर मॅडमचं नाव लिवा, माजं नगं. आन् त्यास्नी सांगा, लय वर्सं जगा. आता तुमी बसा, फाटकावर आमी जातो."

आम्हा सर्वांच्या वतीने मॅडमना याहून मोठी शुभेच्छा मला देता येणार नाही. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. फाटकांवर आम्ही जातो.