भिंतीबाहेरचा पवना

परवा बाजारातून कपबशा आणल्या. ज्या गवतात त्या खोक्यातून आल्या होत्या, त्याच गवताच्या दोन मुठी भोवती गुंडाळून दुकानदाराने त्या हातात दिल्या. घरी बायको एकेक बशी पुसून फडताळात मांडत होती आणि मी ते गवत घेऊन खिडकीशी बसलो. वाळलेलं, चुरगळलेलं, कुठल्या मुलखातलं कोण जाणे. सहज नाकाशी नेलं. उन्हात तापलेल्या मुरमाचा आणि त्याखाली किंचित गुळचट, असा तो वास आला, आणि शाळेत दिवसभर शिकवलेले तास अंगात साचलेले असतानाही मी ताठ होऊन बसलो.

"हुंगताय काय? वैरण मिळाली वाटतं," बायको म्हणाली. "टाकून या की तेवढा कचरा."

टाकवला नाही. ते आमच्याकडचं पवना नावाचं गवतच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस आहे मी, आमच्या घराण्यात पदवीचा कागद भिंतीवर लावणारा पहिला. तो कागद मी दर दिवाळीला फडक्याने पुसतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुरा नसलेल्या काडीवरून गवताची जात सांगू नये, हे मला कॉलेजात शिकवलं. पण नाक काही कॉलेजात गेलेलं नाही.

आमचं गाव सोलापुरापासून एसटीने तासाभरावर. काळी रानं खाली ओढ्याकाठी, वर सगळा मुरमाड माळ, आणि माळाच्या टोकाला बिरोबाचं बन. बन म्हणजे काही निबिड अरण्य नव्हे. थोडे हिवर, बोरी, चंदनाची चार खुरटी झाडं. त्यांची सावलीही आमच्या भागातल्या पावसासारखीच, असून नसल्यागत. पण त्या पातळ सावलीतच पवना माजायचा. पाऊस बरा झाला तर पोरांच्या छातीला लागायचा. त्याला मुरूम चालतो, कमी पाणी चालतं, नांगर चालत नाही. पूर्वी म्हणे सगळा माळच पवन्याचा होता. मी पाहिला तेव्हा तो बनापुरता उरला होता. बाकीचा माळ फोडून लोकांनी ज्वारी पेरली, आणि जिथं ज्वारी धरेना तिथं शेरडामेंढरांनी जमीन खरवडून काढली. अशा जमिनीला कागदावर पडीक म्हणतात. हरणं दिसेनाशी झाली की माणसं हळहळतात. गवत दिसेनासं झालं हे कळायलादेखील त्याच्यावर कुणाचं तरी पोट असावं लागतं.

बनात वर्षातून एकदाच विळा शिरे. दिवाळीचा पाडवा झाला, तुरे पिकून तांबूस पडले, की सगळं गाव कापणीला जाई. कापलेली मूठ बांधण्याआधी जागीच जमिनीकडे तोंड करून झाडायची, हा रिवाज. पिकलेलं बी तिथंच पडे, आणि मग पेंढी बांधायची. कुणी न झाडता बांधू लागलं की बाया हसायच्या. "आवो पाव्हणं, देवाचं बी घरला न्हेऊन कुटं पेरायचं हाय?" कापल्यावर जमीन उघडी पडे, तिला ऊन लागे आणि पुढच्या पावसाला त्याच जागी कोंब उठत. माझ्या आठवणीत तो आवाज अजून आहे. एकाच वेळी पन्नास मुठी झाडल्याचा, कोरड्या सरीसारखा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. श्रावण गेला, भादवा निघाला, आभाळ कोरडंच. गुरांच्या छावण्या पुढं निघाल्या, त्याआधीची ही गोष्ट. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्यांच्या दावणीला एक जोडी होती. त्या बैलांच्या पाठीवर हात ठेवला तर हाडाला लागायचा. कडबा संपला, घराच्या छपराचं गवतही उपसून घातलं. गावात हिरवं म्हणावं असं फक्त बनात, गुडघ्याएवढा पवना. अजून तुराही फुटला नव्हता. तात्यांनी पारावर गाव जमवलं आणि बन कापू द्या म्हणाले.

"कच्चं कापल्यावर बी कुटनं पडंल?" बिरोबाचा म्हातारा पुजारी म्हणाला.

"बैल मेल्यावर ते बी घिऊन मी काय करू? तुमी वडणार हाय नांगर?"

"आन् देव कोपला तर?"

"कोपंल तर माज्यावर. ह्या साली कापू द्या. फुडं माझा जीव हाय तवर बनात इळा लावणार न्हाय, का कुनाला लावू देनार न्हाय."

शेवटी गाव उठलं आणि विळे घेऊन निघालं. त्या वर्षी कुणी मूठ झाडली नाही, झाडण्याजोगं काही नव्हतंच. पण दावणीदावणीला दोन दोन पेंढ्या पोचल्या, आणि छावणी निघेपर्यंत तात्यांची जोडी उभी राहिली.

पुढच्या साली पाऊस झाला. जमिनीत मागचं बी राहिलं असेल. विरळ का होईना, पवना आला. देव तात्यांच्या शब्दाला पावला, असं गावाने धरलं. एकाचा शब्द सगळ्या गावाचा झाला. बनाभोवती कमरेएवढी दगडी भिंत रचली. ना विळा, ना खूर.

एकदोन वर्षं पवना दाटला, असा की लोक भिंतीशी थांबून हात जोडत. मग तो आपल्याच भाराने आडवा पडू लागला. जुन्या काड्यांची गादी झाली, ती कुजून काळी पडली, खालच्या कोंबाला ऊन मिळेना. पाखरांनी घाणेरीचं बी आणून टाकलं. बोरीचे फोक एकमेकांत गुंतले. पदवी घेऊन मी गावी गेलो तेव्हा बन लांबून हिरवंगार होतं आणि आत पवना शोधावा लागत होता.

मी तात्यांना म्हणालो, "एकदा कापू द्या. गुदमरून मरतोय तो आत."

"गवताचं बीयस्सी झालायस व्हय?" तात्या हसले. मग भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. "मला काय दिसत न्हाय? समदं दिसतंय. पर बैलं जगली न्हवं?"

"जगली."

"मग सबूद बी जगाय पायजे की."

 

गेल्या दिवाळीनंतर पुन्हा गेलो होतो. जोडीतला एक बैल गेलेला, दुसरा दावणीला बसून असतो. तात्या संध्याकाळी मला बनाकडे घेऊन गेले. भिंतीच्या बाहेरून गाडीवाट जाते. तिच्या कडेला, येता-जाता बाया मूठभर कापून नेतात तिथं, पवन्याची चार बुडखी उभी होती, तांबूस तुऱ्यांची. साऱ्या शिवारात तेवढीच. तात्या खाली बसले, विळ्याने एक मूठ कापली. बाहेरचं कापायला शब्दाची आडकाठी नव्हती. मग वारा पाठीवर घेऊन ते भिंतीशी आले, हात आत लांबवला आणि मूठ झाडली. बी उडून घाणेरीवर आणि कुजक्या गादीवर पडलं. त्या गादीतून बी मातीला लागत नाही, हे मला ठाऊक होतं. जिभेवर आलं होतं.

"पडलं का रं आत?" तात्यांनी विचारलं. "मला आताशा दिसंना."

"पडलं, तात्या."

काल शेवटी ते खोक्यातलं गवत टाकायला निघालो. मिलचा भोंगा झाला होता, रस्त्यात सायकलींची गर्दी. उकिरड्यापाशी मूठ सोडण्याआधी हाताने ती आपसूक झाडली. काही पडलं नाही. थोडा भुसा उडाला, तेवढाच.  तात्यांशी मी खोटं बोललो नव्हतो. बी आत पडलं होतं. उगवेल का, हे त्यांनी विचारलं नाही.