शोकप्रस्तावाला एक मत विरुद्ध

ताई गेल्याची बातमी दुबईत आली तेव्हा ती अमेरिकेतल्या एका राज्याच्या अपील न्यायालयाची माजी न्यायाधीश होती. दोन दिवसांत आमच्या इथल्या मराठी मंडळाने तिला सर्वोच्च न्यायालयात बढती दिली. जिवंतपणी तिचं कुठलंच काम इतकं झटपट झालं नव्हतं.

शोकसभा अल मनखूलमधल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये होती. फ्लेक्सवर ताईच्या मागे व्हाइट हाउस उभं होतं. मी सभेआधी अध्यक्षांना गाठलं. त्यांचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा आहे, दुरुस्तीचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही.

"साहेब, ती स्टेटच्या कोर्टात होती."

"अहो, नुसतं स्टेट म्हटलं की लोकांना बँक वाटते. सुप्रीम राहू द्या. फ्लेक्स छापून झाला, खलास."

"आणि ती सन्मानाने निवृत्त झाली नाही. निवडणुकीत पडली."

"हे मात्र कुठे बोलू नका हं," ते माझा हात दाबत म्हणाले. "घरची गोष्ट आहे."

घरची कसली? तिच्या राज्यात न्यायाधीशांनाही मतं मागावी लागत. अपील न्यायालयात साक्षीदार येत नाहीत. खालच्या कोर्टाचे कागद येतात, तिघा न्यायाधीशांनी ते वाचायचे आणि तिथे चूक झाली का ते सांगायचं. ताईचं सगळं करिअर म्हणजे हे वाचन. एका खटल्यात सरकारी पक्षाने आरोपीच्या वकिलापासून एक जबाब दडवला होता. खटला पुन्हा चालवा, असं बारा पानांचं वेगळं मत ताईने लिहिलं. बाकीच्या दोघांना तशी गरज वाटली नाही. तो माणूस तुरुंगातच राहिला. तरी पुढच्या निवडणुकीत टीव्हीवर जाहिरात आली, की ही बाई गुन्हेगारांना सोडते. सुटलं कुणीच नव्हतं. सुटली ती ताईची खुर्ची.

त्या आठवड्यात तिचा फोन आला होता. "पडले रे. पण ती बारा पानं माझी आहेत. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर तेवढं सांग."

मला कुणीच विचारलं नाही. भाषणं मात्र झाली. शारजात रोल्ला भागात दुकान असलेल्या एका गृहस्थांनी ताईला एकदा विमानतळावर पाहिलं होतं. त्या भेटीत तिने त्यांच्याकडून कायद्याचा सल्लाही घेतला, असं त्या संध्याकाळी कळलं. माझी मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, हू आर दे टॉकिंग अबाउट?"

मग अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला: सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती, प्रदीर्घ सेवेनंतर सन्मानाने निवृत्त. आमच्याकडे शोकप्रस्तावाला मत घेत नाहीत. 'एकमताने संमत' हे आधीच टाइप केलेलं असतं. लोक दोन मिनिटांच्या स्तब्धतेसाठी उठू लागले. मी तर उभाच होतो.

"माझा विरोध आहे," मी म्हणालो.

"शोकप्रस्तावाला?" अध्यक्ष म्हणाले. "सख्ख्या भावाचा?"

"भाऊ, बसा. पाणी घ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"ती निवडणुकीत पडली. एका कैद्याच्या बाजूने एकटीने लिहिलं म्हणून पडली. आणि तिला त्याचा अभिमान होता."

हॉल गप्प झाला. दोन मिनिटांची स्तब्धता एरवी कुणी इतकी मनापासून पाळत नाही.

अध्यक्ष माइकवर आले. "आपले मित्र दुःखात आहेत. दुःखात माणूस काहीही बोलतो. आपण समजून घेऊ."

सगळ्यांनी समजून घेतलं. समोसे आले. मी चिटणिसांच्या टेबलाशी गेलो. ते एका ऑफिसात हिशेबनीस आहेत, सरळ माणूस. 'एकमताने' छापलेल्या कागदावर त्यांचं पेन थांबलं होतं.

"एक विरुद्ध, असं लिहा," मी म्हणालो.

"मंडळात असं कधी झालेलं नाही हो."

"लिहा."

त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष चटणी वाढून घेत होते. चिटणिसांनी 'एकमताने' वर काट मारली, 'एक विरुद्ध' लिहिलं आणि हळूच विचारलं, "कारण काय घालू? जागा दोनच ओळींची आहे."

"दोन ओळींत नाही बसायचं," मी म्हणालो. "वेगळं लिहून देतो."

त्याला तीन आठवडे लागले. ते हे.