स्वप्नीलसाठी घातलेलं गाऱ्हाणं

लालबागच्या त्या चाळीत निलेश घाडी म्हणजे मोठं प्रस्थ. नऊ वर्षांत माणूस कोणाच्या नजरेला पडला नव्हता, पण नाव निघालं की लोक छाती फुगवून 'आपला अमेरिकेचा निलेश' म्हणत. त्याची बायको मेघना ते ऐकायची आणि हातातलं भांडं जरा जोरातच खाली ठेवायची.

अमेरिकेला तो गेला होता एका टूर कंपनीबरोबर, डोक्यावर त्यांचीच पिवळी टोपी घालून. न्यूयॉर्कला नाश्ता करून उठला तो पुन्हा बसमध्ये चढलाच नाही. नायगारा बघायला गेलेल्या या माणसाने नायगारा अजून पाहिलेला नाही. टूरवाल्यांचा फोन आला तेव्हा सासू रखमाबाईने रडून घर डोक्यावर घेतलं. सासरे धोंडूआबा मात्र मिशीत हसले. पोरगं हुशार निघालं!

सहा महिने राहायची परवानगी होती. ती संपली तसा हुशार पोरगा एका मोटेलच्या तळघरात शिरला, तो तिथेच आहे. चादरी धुतो. फोटो मात्र बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या गाडीला टेकून काढतो. एका फोटोत गाडीची मालकीण आत बसून वैतागून बघत होती. अख्ख्या चाळीने तो फोटो पाहिला, पण ती बाई फक्त मेघनाला दिसली.

परत यायची सोय नव्हती. एकदा तिथून निघाला की दहा वर्षं त्या देशाचं दार बंद. म्हणून रखमाबाई गेली तेव्हा थोरल्या लेकाने आईची जळती चिता फोनवर पाहिली, आणि मध्येच भावावर ओरडला, "फोन जरा वर धर ना रे, धूर दिसतोय नुसता!" त्या दिवसापासून मेघनाच्या मनातून नवरा उतरला तो उतरलाच. ती परळच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. पेशंट विचारतात, "मिस्टर काय करतात?" ती सांगते, "बाहेर असतात." यापेक्षा जास्त शब्द त्याच्यावर खर्च करावेत असं तिला वाटत नाही.

आणि आता धाकट्या दिराला, स्वप्नीलला, तेच करायचं होतं. शिवडीला गोदामात सुपरवायझरची कायम नोकरी, अनुजासारखी बायको, तीन वर्षांची दिशा. एवढं सगळं असून त्यालाही चादरी धुवायच्या होत्या. फिरायला जाण्याचा व्हिसा त्याने मिळवला. खिडकीमागच्या साहेबाने विचारलं, तिकडे नातेवाईक? "कोणी नाही." सख्खा भाऊ दोन शब्दांत मारून टाकला. मग इकडे कोण आहे? तर बायको, मुलगी, म्हातारा बाप. त्यांना सोडून मी कुठे राहणार साहेब? ज्यांना सोडून जायचं त्यांनाच त्याने जामीन ठेवलं. वर घरी येऊन हा पराक्रम वहिनीला हसत हसत सांगितला.

"लाज नाही वाटत?" मेघना म्हणाली.

"वहिनी, तुला काय कळतं त्यातलं? दादा सेट आहे तिकडे."

"हो ना. वॉशिंग मशीनच्या बाजूला."

अनुजाला त्याने सांगितलं होतं की तिकडच्या कंपनीत नोकरी लागली, सहा महिन्यांत तुम्हालाही बोलावून घेतो. मेघनाने गॅलरीत कपडे वाळत घालताना जावेला खरं काय ते सांगून टाकलं. अनुजा म्हणाली, "ताई, तुमच्या नशिबी जे आलं ते सगळ्यांच्याच यावं, असं का वाटतं तुम्हाला?"

मेघनाने उरलेले कपडे वाळत घातले. मूर्खाला दोनदा सांगू नये, असं तिचं मत होतं.

निघायच्या दिवशी दुपारीच खोली भरली. गावची माणसं, शेजारीपाजारी. टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या फोनमध्ये निलेश, तिकडची पहाट, डोळ्यांवर झोप. नवे बूट घालून स्वप्नील दारात उभा. आता राहिलं होतं फक्त गाऱ्हाणं. कोकणातल्या माणसाचं कुठलंही मोठं काम त्याशिवाय सुरू होत नाही. घरातल्या थोराने नारळ आणि पानाचा विडा ठेवून देवाला सगळं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. धोंडूआबांचं गाऱ्हाणं लालबाग-परळात नावाजलेलं. मिलमधली नोकरी गेली तरी हा मान राहिला होता. देवाला अर्धं सांगितलं तर देव अर्धंच सांभाळतो, हे त्यांचं ठाम मत. त्यांनी डोळे मिटले.

"हे बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझो ह्यो झील साता समुद्रापलीकडे चल्लो हा."

"व्हय म्हाराजा!"

"फिरूच्या व्हिसार जाता हा. कामाचो कागद तेच्याकडे नाय, ता तुका म्हायत आसा."

"व्हय म्हाराजा!" अनुजाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"मुदत संपली तरी तेका कोणी धरूचो नाय असा कर. थोरल्याक नव वर्सां लपवन ठेवलंस, तसो धाकट्याकय लपव!"

या वेळी होकार विस्कळीत आला. सगळ्यांत शेवटी फोनमधून आला, "व्हय म्हाराजा."

अनुजाने जोडलेले हात खाली घेतले. "कामाचा कागद नाही म्हणजे?"

"अगं, म्हातारा माणूस, काहीतरी बोलतो," स्वप्नील म्हणाला.

धोंडूआबांनी खाडकन डोळे उघडले. "म्हातारो माणूस? देवाच्या म्होरां मी खोटा बोलतंय? थोरल्याकडेय कागद नाय, विचार मेघनाक!"

कोणी मेघनाला विचारलं नाही. शेजाऱ्यांना एकाएकी जिन्यात काहीतरी काम निघालं.

अनुजा रडली नाही. "जा तू," ती नवऱ्याला म्हणाली. "पण आज विमानात बसलास तर मी दिशाला घेऊन आईकडे चालले. मी ताईंसारखी नाही राहणार. नऊ वर्षं कुंकू लावून बसायचं आणि लोकांकडून नवऱ्याची कौतुकं ऐकायची. मला नाही जमणार."

मेघनाच्या कानशिलावर कोणी मारल्यासारखं झालं.

"दादा, काय करू रे?" स्वप्नीलने फोनलाच विचारलं.

"अरे, बायका असंच बोलतात," निलेश जांभई देत म्हणाला. "तुझी वहिनी पण बोलायची की. गेली कुठे? आहेच ना घरात."

मेघनाने फोन उचलला, बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला.

स्वप्नील दारात बसून बुटाच्या नाड्या सोडू लागला. अक्कल आली म्हणून नव्हे. एकट्याने राहायला लागेल या भीतीने. अमेरिकेत तो काय करणार होता, देव जाणे. धोंडूआबा नारळाकडे बघत पुटपुटत राहिले, सांगितलेलं आता मागे कसं घ्यायचं, देव काय पोस्टमन आहे?

पुढच्याच महिन्यात मेघना परळला, दवाखान्यातल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. चाळ तिला नावं ठेवते. एवढा परदेशात कमावणारा नवरा, म्हणतात, आणि हिला थोडी कळ काढवली नाही.