हात न लावता शिकलेली गाडी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिल्वासाजवळ मसाटला, आमच्या कारखान्यात होते. नवऱ्याचा, शिरीषचा, आवाज फुटत होता. "वैशाली, अण्णा गेले गं... दुपारी झोपले ते उठलेच नाहीत." मी "निघते" म्हटलं, हेल्मेट काढून ठेवलं आणि पार्किंगकडे चालू लागले. तेव्हा मनात पहिला विचार आला तो लिहूनच टाकते : आता त्या गाडीला हात लावायला कुणाला विचारावं लागणार नाही. सून सासऱ्यांबद्दल असं लिहीत नाही, हे मला कळतं. गेले काही आठवडे भेटायला येणारा प्रत्येकजण त्यांच्या शिस्तीचं आणि त्यांच्या गाडीचं कौतुक करून गेला. मी चहा देत ऐकत राहिले. त्या कौतुकात जे बसत नाही, ते इथे लिहिते आहे.

अण्णा पुण्याहून सिल्वासाला आले ते एका प्लास्टिकच्या कारखान्याचे मॅनेजर म्हणून. निवृत्त झाल्यावर तिथल्याच आमली भागात राहिले. ती काळी गाडी त्यांनी दमणच्या एका पारशी कुटुंबाकडून आणली होती, स्वातंत्र्याच्याही आधीची. आजच्या गाडीसारखी ती चावी फिरवली की सुरू व्हायची नाही. आधी पायाशी असलेला पेट्रोलचा नळ उघडायचा. स्टिअरिंगच्या मधोमध दोन बारीक दांड्या, एक ठिणगी लवकर की उशिरा पडावी हे ठरवणारी, दुसरी हातानं रेस द्यायची. पहिली पूर्ण वर, दुसरी जराशी खाली. मग चावी, मग इंजिन थंड असेल तर चोक ओढायचा, आणि शेवटी तळाशी असलेलं स्टार्टरचं बटण बुटानं दाबायचं. वळताना दाराशेजारच्या खांबातून केशरी दिव्याचा हात बाहेर यायचा, तो अडकला की आतून बुक्की मारायची. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर दातावर दात घासल्यासारखा आवाज. हे सगळं अण्णा इतक्या हळुवारपणे करत की बघणाऱ्याला वाटावं, केवढा प्रेमळ माणूस. तो हळुवारपणा घरात कुणाच्याच वाट्याला आला नाही.

माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. बाजारातून येताना आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाजीची पिशवी चोकच्या मुठीला अडकवली. वजनानं चोक बाहेर आला, गाडी गचके खात बंद पडली. अण्णांनी शांतपणे पिशवी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "उतर." त्या उतरल्या. अण्णा गाडी सुरू करून निघून गेले, आणि आई खानवेलहून येणाऱ्या बसला हात करून, उभ्यानं घरी आल्या. रात्री जेवताना अण्णांनी तोच किस्सा विनोद म्हणून सांगितला. शिरीषही हसला. आई आमटी वाढत होत्या. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही... त्या दिवसापासून मला हा माणूस आवडेनासा झाला, तो कायमचा. गाडीत त्यांच्या शेजारी बसले की मी फक्त त्यांच्या हातांकडे बघायची. शिकायचं म्हणून नव्हे, तोंडाकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं खानवेलच्या पुढे एका ओळखीच्यांकडे निघालो होतो. शिरीष कामावर होता. जंगलातल्या एका वळणावर अण्णांनी गाडी कडेला घेतली, चावी बंद केली आणि छाती धरून बसले. शर्ट घामानं भिजला होता. फोनला रेंज नव्हती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"तुम्ही इकडे सरका," मी म्हटलं. "मी चालवते."

"हात लावू नकोस. येईल कुणीतरी."

मागून आई म्हणाल्या, "सरका." इतकंच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अण्णांना हुकूम केला असावा. मी उतरून पलीकडून आले, त्यांना ढकलूनच आत बसले. दांडी वर घेतली, घाबरून चोकही ओढला.

"चोक कशाला ओढतेस? गरम आहे इंजिन. अक्कल गहाण टाकलीस काय? एवढंही कळत नाही?"

मी चोक आत ढकलला, बटण दाबलं. गाडी सुरू झाली. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना मोठ्ठा आवाज झाला आणि अण्णांनी तोंड वाकडं केलं. ते छातीच्या कळेनं नव्हतं, एवढं मी ओळखते. सिल्वासापर्यंत ते कण्हत होते आणि मधून मधून मला शिव्या घालत होते. वळणावर दिव्याचा हात अडकला तेव्हा आईंनी खिडकीतून स्वतःचा हात बाहेर काढला.

इस्पितळात वेळेवर पोचलो म्हणून ते वाचले, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचे जुने सहकारी भेटायला आले. अण्णा उशीला टेकून सांगत होते, "एका हातानं छाती धरली, एका हातानं स्टिअरिंग. आणली कशीतरी." मी थर्मास घेऊन तिथेच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. घरी मी चिडले तेव्हा शिरीष म्हणाला, "जाऊ दे ना, आजारी माणूस आहे." घरी आल्यावर अण्णांनी चावी जानव्याला बांधली. आणि थोडं हिंडूफिरू लागल्यावर गाडीत कुठेतरी बॅटरी तोडणारा एक स्विच बसवला. जेवताना माझ्याकडे बघत म्हणाले, "आता चावी मिळाली तरी कुणाला चालू करता यायची नाही." जीव वाचवल्याचे हे आभार.

तेरावं झाल्यावर आईंनी सांगितलं, गाडी विका. शिरीषला ती आठवण म्हणून ठेवायची होती. "तुझी आठवण असेल," आई म्हणाल्या, "माझी नाही." वापीचे एक गृहस्थ बघायला आले. स्विच काही सापडेना. शेवटी आई पायरीवरून उठल्या, मागच्या सीटखाली हात घातला आणि खट्ट आवाज झाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बसवताना टॉर्च मीच धरला होता."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू चालवली असतीस. आणि दिवसभर घरी त्यांच्यासमोर मी असते."

आई परत पायरीवर जाऊन बसल्या.

मग मी त्या गृहस्थांना शिकवायला बसले. नळ, दांड्या, चावी. ते चांगले, हौशी गृहस्थ होते, नाजूकपणे विचारत होते. तरी त्यांनी ठिणगीची दांडी वर न घेताच बटणावर पाय ठेवला, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाय काढा. आधी बघा, मग हात लावा. एवढंही कळत नाही?"

आवाज माझाच होता. पण पायरीवर बसलेल्या आई झटकन उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला... आणि मान खाली घालून स्वयंपाकघरात निघून गेल्या.