टाळ्यांपुरती जनता

साहेबांच्या माणसानं माझ्या डोक्यावरची ओढणी स्वतःच्या हातानं सारखी केली. मला न विचारता. “आरसे दिसू दे. फोटोत चमकले पाहिजेत.”

मी तांड्यावरची पोरगी. बी.ए. झालेली, औंढ्याला कापडाच्या दुकानात कामाला. आरशांचा घागरा आमच्यात आता म्हाताऱ्याच घालतात. पण साहेबांची सभा होती. तांड्याच्या नायकानं हुकूम सोडला, पोरींनी जुन्या पेहरावात यायचं, साहेबांभोवती नाचायचं. आमी नाचलो. भर उन्हात.

साहेबांनी मला जवळ ओढलं. खांद्यावर हात टाकला अन् गरजले, “मी पुढारी न्हाई! मी म्हंजे तुमीच! ही माझी जनता! बोल बाई, बोल!”

माइक तोंडापुढं आला. त्यांना जयजयकार पाहिजे होता.

मी म्हणाले, “साहेब, तांड्याला रस्ता न्हाई. मागच्या पावसाळ्यात माझ्या वहिनीला कळा सुटल्या, बाजेवर टाकून चिखलातून दवाखान्याकडं नेलं. लेकरू वाटेतच गेलं. रस्ता काहून झाला न्हाई?”

साहेब हसले. माइक ओढून घेतला. “बघा! माझ्या जनतेत विरोधक कसे गद्दार घुसवून राहिलेत!”

मांडव खवळला. शिट्ट्या. “उतरवा तिला!” ज्यांनी ती बाज खांद्यावर वाहिली होती, त्यातलेही ओरडत होते. वहिनी बायकांत बसली होती. मान खाली घालून.

घरी बा म्हणाला, “माफी माग. साहेब आपल्यातलेच हायेत.”

“आपल्यातले असते तर विचारलं असतं, लेकरू कशानं गेलं.”

बा उठून बाहेर गेला.

टाळी वाजवली तर जनता. सवाल केला तर गद्दार. एवढाच त्यांच्या लोकप्रेमाचा अर्थ. आमच्या तोंडानं तेच बोलणार, अन् आमी तोंड उघडलं की तेच ठरवणार आमी कोण.

मी माफी मागितली न्हाई. नायकानं आमच्या दारावरून जाणं सोडलं. बा अजून माझ्याशी बोलत न्हाई.

पुढच्या ग्रामसभेला मी रस्त्याचं काढलं. सरपंच म्हणाला, “हा विषय आज न्हाई.” माझ्या बाजूला वहिनी बसली होती. ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा सभेत उठली.

“पोरगी माझी मेली,” ती म्हणाली. “विषय आजच घ्या.”

कुणी शिट्टी मारली न्हाई.

साहेब परत येणार हायेत. येऊ द्या. आमी दोघी समोर उभ्या राहू. ‘माझी जनता’ म्हणत कुणी आमच्या वतीनं बोलायला लागलं, की तिथंच त्याला थांबवू.