दुधात कुस्करलेली पोळी

परवा शिळ्या पुरणपोळीवर गरम दूध ओतलं आणि त्या वासानं नोएडातला आमचा तेव्हाचा नवाकोरा फ्लॅट आठवला. धुळवड होती. आजारी आईला घास गिळवत नव्हता. कधी चहाही न केलेल्या बाबांनी आदल्या दिवशीची पोळी दुधात कुस्करली.

"अहो, गाठी राहिल्यात," आई म्हणाली. "आयुष्यभर नुसते ताटावर बसलात!"

"अच्छा? मग आता शिकव," म्हणत बाबांनी ते गाळणीतून गाळलं आणि चमचा तिच्या ओठांशी नेला.

आईनं घास बराच वेळ तोंडात धरला, पण तो उतरेना. बाबांनी तिच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

मला तेव्हा किळस आली. पाणी आणायच्या निमित्तानं मी आत गेले. आता वाटतं, निदान तिथं बसून राहायला हवं होतं.