भरताचं वांगं

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दौलतरावांच्या अंगणात वांग्यांची कचेरी भरते. मधे ढीग, एका बाजूला दौलतराव, समोर त्यांची बायको हौसाबाई. दौलतराव एकेक वांगं उचलतात, फडक्यानं पुसतात, देठाखाली अंगठा फिरवतात. भरताची हिरवी वांगी ती. तुकतुकीत निघालं की कॅरेटमध्ये. जरा वाकडंतिकडं असलं की वेगळ्या पोत्यावर, ते दुपारनंतर भाव उतरल्यावर विकायचं. आणि टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं की ते हौसाबाईकडे सरकवायचं, "हे घरचं." त्या घरात घरचं म्हणजे किडकं, हे पोरांनाही बोलायला लागण्याआधी कळलेलं होतं.

मालेगावच्या बाजारात दौलतरावांचं नाव होतं. भरताला वांगं घ्यावं तर त्यांच्याकडूनच, अन् तेही डोळे झाकून, असं गिऱ्हाईक म्हणायचं. हे नाव हौसाबाईच्या ताटातून काढून कमावलं होतं, पण ते गिऱ्हाइकाला कुठून कळावं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

किडक्या वांग्याचा रस्सा होतो. कीड काढून टाकायची, उरलेलं चिरायचं, मसाला जास्त घालायचा. भरीत तेवढं होत नाही, कारण भरताला वांगं अख्खं भाजावं लागतं अन् अख्ख्या वांग्याच्या पोटात काय आहे ते कोणाला दिसतं? म्हणून गावोगावच्या चुलींवर दौलतरावांच्या वांग्यांचं भरीत झालं, त्यांच्या स्वतःच्या चुलीवर कधी झालं नाही. आणि हौसाबाईचं माहेर तर रिठद. लग्नाआधी तिथं हिवाळ्यात शेतात पंगत बसली की भरीत तिनंच करायचं, असा नेमच होता.

तिनं एकदा हट्ट केला होता. तिचा एकुलता भाऊ वामन पहिल्यांदा बहिणीचं घर पाहायला आला होता. तिनं कॅरेटमधली दोन वांगी पदराआड घेतली अन् चुलीकडे निघाली. दौलतरावांनी ती भावाच्या देखत तिच्या हातातून काढून घेतली. "वरचा थर मोडते ना! बाजारात काय दाखवू मी?" झालं. वामन जमिनीकडे पाहत बसला. रात्री पिठलं-भाकर खाऊन, सकाळी चहा न घेता गेला. नंतर लग्नकार्यात भेटायचा, बोलायचा, पण बहिणीच्या घरी जेवायला म्हणून परत आला नाही. हौसाबाईनंही पुन्हा वांगं मागितलं नाही.

दौलतराव दुष्ट होते का? छे. गरिबीत वाढलेला माणूस, माल चांगला दिसला तर घर चालतं एवढंच त्याला ठाऊक. पण गरिबी हटली, विहिरीला पाणी लागलं, पोरगा नोकरीला लागला, तरी अंगठा काही थांबला नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

यंदा दिवाळीनंतर वामन गेला. तेरवीला दौलतराव रिठदला ओसरीवर बसले होते, अन् आत वामनची बायको भागिरथा हौसाबाईला सांगत होती, "बाई, शेवटी शेवटी यायच्या घशाखाली काईच उतरत नव्हतं. एकच म्हनत, माया बहिनीच्या हातचं भरीत खाल्लं असतं." हौसाबाई काय बोलली ते ऐकू आलं नाही. दौलतरावांनी मात्र हातातलं पाणी न पिताच खाली ठेवलं. त्या दिवसापासून एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती. वामन तर गेला, बैल गेला अन् झोपा केला अशी गत. पण निदान हौसाबाईनं तरी आपल्या मळ्यातलं एक चांगलं वांगं भाजून खावं.

म्हणून या बाजाराला त्यांनी ढिगातलं सगळ्यात देखणं वांगं काढून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं. सांगितलं काहीच नाही. इतक्या वर्षांत गोड बोलायची सवय नव्हती, अन् माफी मागायची तर त्याहून नव्हती. ती पाहील, समजेल, असं त्यांनी गृहीत धरलं.

सकाळी बाजारात कॅरेट उघडलं, तर वरच्या थरात मधोमध तेच वांगं. हौसाबाईनं ते उचलून जागच्या जागी लावलं होतं. तिला वाटलं, घाईत राहून गेलं असेल.

"ते मधलं द्या भाऊ," एक बाई म्हणाली.

"ते नाही."

"काहून? कीड हाये का त्यात?"

"कीड? आपल्या मालात?" दौलतराव उखडले. "घरी न्याचं हाये ते." बाईनं तोंड वाकडं केलं अन् पुढच्या दुकानाकडे गेली. दौलतरावांनी वांगं फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं. गिऱ्हाईक परत पाठवून त्यांना एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

दुपार कलल्यावर ते घरी आले. वांगं हौसाबाईच्या हातात दिलं. "हे घे. आज हे करू."

"वापस आनलं? काई निंघालं का यात?"

"काई नाही निंघालं." पुढचे शब्द तोंडाशी आले होते. पण ते म्हणाले, "आलोच मी," अन् मागच्या अंगणात तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, आणायला गेले. भरताचं वांगं भाजावं तर तुराट्यांच्याच जाळावर. जाळ पाहिला की तिला आपोआप कळेल, मग बोलायचं काम नाही.

तुराट्या कवेत घेऊन ते आत आले, तर हौसाबाई विळीवर बसली होती. पातेल्यातल्या पाण्यात वांग्याच्या फोडी तरंगत होत्या. शेवटची फोड तिनं उजेडाकडे धरली होती.

"कीड नाही निंघाली वो," ती नवलानं म्हणाली. "सारं चिरून पाह्यलं. चांगलंच होतं हे." मग तिला तुराट्या दिसल्या. "ह्या कायले आनल्या?"

"भरीत..." दौलतराव म्हणाले. "तुया हातचं भरीत खावं म्हनलं. तुलेही खाऊ घालावं."

हौसाबाईनं पातेल्यातली एक फोड दुसऱ्या फोडीला लावून पाहिली, मग दोन्ही पाण्यात सोडल्या.

"आंधी सांगाचं ना," ती हळूच म्हणाली. "मी चिरलं नसतं. वामनच्या आठवनीनं केलं असतं."

दौलतरावांनी तुराट्या चुलीत सारल्या. त्या जाळावर रस्सा शिजला. दोघं जेवायला बसले, अन् पहिल्या घासाला हौसाबाई म्हणाली, वांगं लयच गोड आहे.